ताण्याचे सूत आणि सोणाची वीणा : परिपूर्णतेचा अट्टहास व कायानुपस्सना

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघाले की प्रथम कोन गाव लागते, आणि पुढे भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येऊ लागतो. मागावरील उभ्या सुताला ताणा व आडव्या सुताला बाणा म्हणतात. ताणा सैल पडला तर कापड नीट विणले जात नाही. तो प्रमाणाबाहेर ओढला तर सूत तुटते आणि कारागिराला माग थांबवून गाठ मारावी लागते. ताण योग्य राखणे म्हणजे आळस नव्हे, ते कौशल्य आहे. मनुष्याच्या प्रयत्नांनाही हाच नियम लागू पडतो. परिपूर्णतेच्या अट्टहासाने ज्यांचे जीवन तुटेपर्यंत ताणले गेले आहे, त्यांच्यासाठी शरीराच्या मार्गाने काय उपाय करता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

उत्तम काम करण्याची इच्छा आणि परिपूर्णतेचा अट्टहास या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत कामाविषयी प्रेम असते, तर दुसरीत चुकीचे भय असते. अशा मनुष्याला 95 गुण मिळाले तरी गेलेले 5 गुणच दिसत राहतात. एक अर्ज तो दहा वेळा लिहितो, किंवा चूक होईल या भीतीने लिहीतच नाही. पॉल ह्युइट व गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 साली या वृत्तीचे तीन प्रकार मांडले : स्वतःकडून निर्दोषतेची अपेक्षा, इतरांकडून तशी अपेक्षा, आणि समाज आपल्याकडून निर्दोषतेची मागणी करतो अशी धारणा. थॉमस करन व अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधील 41,000 हून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या 1989 ते 2016 या काळातील नोंदी तपासल्या. त्यांत तिन्ही प्रकार वाढलेले आढळले, आणि सर्वाधिक वाढ तिसऱ्या प्रकारात होती.

हा तिसरा प्रकार आपल्या समाजाला समजावून सांगण्याची गरज नाही. घरातील पहिला पदवीधर, कार्यालयातील आपल्या वस्तीतून आलेला एकमेव कर्मचारी, वर्गात आरक्षणावरून टोमणे ऐकणारी विद्यार्थिनी यांना ठाऊक असते की इतरांची चूक ही त्या व्यक्तीची चूक ठरते, पण आपली चूक साऱ्या समाजाच्या माथी मारली जाते. म्हणून ते चुकण्याचा अधिकारच स्वतःला नाकारतात. परमपूज्य बाबासाहेबांच्या प्रचंड व्यासंगाचा आदर्श समोर असतो, तो योग्यच आहे. परंतु त्या आदर्शातून प्रेरणा घेण्याऐवजी मनुष्य त्याचा चाबूक करून स्वतःवर उगारू लागला, तर आदर्शाचा हेतूच हरवतो.

हे भय केवळ विचारांत राहत नाही. दात आवळले जातात, खांदे कानांकडे चढतात, श्वास आखूड होतो, पोटात गोळा येतो. धोका समोर असल्यासारखे शरीर सज्ज राहते. अशा वेळी 'काळजी करू नकोस' हा उपदेश कानावर पडतो, पण आवळलेल्या जबड्यापर्यंत पोहोचत नाही.

तथागतांनी हे स्वतः अनुभवले होते. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात बोधिसत्त्वाच्या उग्र साधनेचे वर्णन आहे. दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून त्यांनी मनाने मनाला चिरडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा काखांतून घाम वाहू लागला आणि शरीर अशांत झाले. अखेर बालपणी जांभळीच्या सावलीत अनुभवलेल्या शांतीचे त्यांना स्मरण झाले आणि त्यांनी देहदंडनाचा मार्ग सोडला. 1957 साली प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही सिद्धार्थाच्या या तपश्चर्येची व तिच्या त्यागाची हकिकत दिली आहे.

पुढे राजगृहाच्या सीतवनात सोण कोळिविस या भिक्खूने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले. एवढे करूनही मुक्ती मिळत नाही, तेव्हा घरी परतावे, असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणावादक होता. तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा सुरात वाजते काय, असे तथागतांनी त्याला विचारले आणि प्रयत्नांतील समत्व, म्हणजे वीर्यसमता, साधण्यास सांगितले. हाच सोण पुढे अर्हत झाला, आणि दृढ उद्योग करणाऱ्या भिक्खूंत त्याला अग्रस्थान दिले गेले. तार सैल केल्याने त्याचा प्रयत्न कमी झाला नाही, तो सफल झाला.

वितक्कसण्ठान सुत्तात आणखी एक दृष्टांत आहे. घाईने चालणारा मनुष्य 'मी घाई का करतो?' असे स्वतःस विचारतो व हळू चालतो, मग उभा राहतो, मग बसतो, शेवटी आडवा होतो. मनाचा वेग असा टप्प्याटप्प्याने ओसरतो. आनापानसतीतही कायसंस्कार शांत करीत श्वास घेण्याचा अभ्यास आहे.

आधुनिक उपचारपद्धती याच दिशेने आल्या. एडमंड जेकबसन यांनी 1929 साली स्नायू क्रमाने आवळून सैल करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात बौद्ध ध्यानाच्या आधारे रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. त्यात पायापासून डोक्यापर्यंत शरीराचे निरीक्षण करावयाचे असते. महाराष्ट्रात इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून चालणाऱ्या विपश्यना शिबिरांत प्रथम श्वास व नंतर शरीरावरील संवेदना तटस्थपणे पाहण्यास शिकवितात.

घरी करावयाचा अभ्यास सोपा आहे. बसून दोन्ही मुठी पाच-सात सेकंद आवळाव्यात व सोडाव्यात, आणि फरक जाणून घ्यावा. मग खांदे, मग जबडा. त्यानंतर काही मिनिटे श्वास आहे तसा पाहावा. दुसरा भाग कठीण आहे. दिवसात एक लहानसे काम हेतुपुरस्सर थोडे अपुरे ठेवावे. चादरीची एक सुरकुती राहू द्यावी. त्या वेळी छातीत काय होते ते पाहावे. अस्वस्थता चढते आणि ओसरते. काही न करताही ती ओसरते, हे शरीराला कळणे हाच उपचाराचा गाभा आहे.

येथे एक सापळा आहे. असा मनुष्य ध्यानाचीही परीक्षा करतो : मन भरकटले, म्हणजे मी नापास! मन भरकटल्याचे कळले, तेवढे पुरेसे आहे. तसेच, ज्यांनी तीव्र आघात सोसले आहेत त्यांना शरीराकडे लक्ष देताना त्रास वाढू शकतो. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, अभ्यास थांबवावा आणि तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. विचारांची तपासणी करणारी मानसोपचार पद्धती या वृत्तीवर उपयुक्त ठरली आहे. शरीराचा अभ्यास तिला पूरक मानावा. शासनाची 'टेलिमानस' ही 2022 साली सुरू झालेली विनामूल्य दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर आहे.

खांदे सैल केल्याने अन्याय सैल होत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ज्या व्यवस्थेत एका समाजाला चुकण्याची मुभा आणि दुसऱ्याला नाही, ती बदलण्यासाठी संघटित प्रयत्नच हवेत. पण ते प्रयत्न दीर्घकाळचे आहेत, आणि तुटलेल्या सुताने कापड विणता येत नाही. आपल्या मुलामुलींना अभ्यास करा असे आपण अवश्य सांगावे. त्याबरोबरच, चुकलात तरी या घरातील तुमचे स्थान ढळणार नाही, हेही त्यांना सांगावे.