कीर्ती, प्रतिष्ठा आणि नाममुद्रा

मी पनवेलला राहतो असे सांगितले की परगावच्या माणसाचा प्रश्न ठरलेला असतो : 'त्या नटाचे फार्महाऊस तुमच्याकडेच ना?' सलमान खान यांचे फार्महाऊस पनवेल तालुक्यात आहे, हे खरे. डिसेंबर २०२१ मध्ये तेथे त्यांना बिनविषारी साप चावला, तेव्हा देशभर बातमी झाली. याच तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत. तेथे पावसाळ्यात माणसाला साप चावला तर त्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, आणि त्याची बातमी क्वचितच होते. हे मी त्या नटाला दोष देण्यासाठी सांगत नाही. कीर्ती ही एक सत्ता आहे आणि कुणाच्या दुःखाची दखल घ्यायची हेही ती ठरवते, एवढेच मला दाखवायचे आहे.

परंतु करमणुकीच्या धंद्यात नाव झाले म्हणजे ही सत्ता प्रत्येकाला मिळते काय? विद्यार्थी मला नेहमी म्हणतात, 'सर, आपली मुले आता पडद्यावर आली, गाण्यात आली. प्रश्न सुटत चालला.' या समजुतीची नीट तपासणी केली पाहिजे. त्यासाठी तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. लोक आपल्याला ओळखतात, ही कीर्ती. लोक आपल्याला बरोबरीचा माणूस मानतात, ही प्रतिष्ठा. आणि आपण निर्माण केलेल्या वस्तूवर आपले नाव राहते व तिच्या उत्पन्नात आपला वाटा असतो, हा हक्क. प्रस्थापित समाजातल्या कलावंताकडे या तिन्ही गोष्टी बहुधा हातात हात घालून येतात. म्हणून त्या एकच आहेत असा भास होतो. दलित कलावंताच्या वाट्याला मात्र पुष्कळदा एकटी कीर्ती आली. उरलेल्या दोन गोष्टी वाटेतच अडवल्या गेल्या.

पवळा आणि पठ्ठे बापूराव यांचे उदाहरण घेऊ. बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. त्यांनी घर सोडले, तमाशाचा फड उभा केला, असंख्य लावण्या रचल्या. पवळा संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची, महार समाजातली. तिच्या नृत्यगायनाने बापूरावांचा फड गाजला. मराठी माणसाने बापूरावांना 'शाहीर' म्हटले आणि पवळेला 'नाचणारी' म्हटले. दोघे एकाच बोर्डावर उभे होते, एकाच रात्रीचे प्रेक्षक दोघांना पाहत होते. तरी एकाच्या कामाला निर्मिती म्हटले गेले आणि दुसरीच्या कामाला देह म्हटले गेले. बापूरावांनाही या वाटेची किंमत मोजावी लागली, त्यांच्या जातीने त्यांना दूर लोटले. पण त्यावरून हेच सिद्ध होते की धंद्याची प्रतिष्ठा तो धंदा करणाऱ्यांच्या जातीवरून ठरत होती. जो त्यात उतरला तोही बाटला.

आमच्या पनवेलजवळ पळस्पे फाट्याला रस्ता फुटतो. एक पुण्याकडे जातो, दुसरा गोव्याकडे, आणि त्याच रस्त्यावर महाड लागते. दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्याकडे जाणाऱ्या गाड्या येथूनच वळतात. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. महार स्त्रीला नाचवून मिळालेला पैसा माणुसकीच्या लढ्याला चालणार नाही, अशी ती भूमिका होती. बाबासाहेबांना कलेचे वावडे होते, असा याचा अर्थ काढू नये. भीमराव कर्डकांसारख्यांनी पुढे आंबेडकरी जलसे उभे केले, ते तमाशाचेच सोंगाड्ये, ढोलकी आणि बतावणी घेऊन. मात्र त्यातली बाई नाचवणे सोडले आणि शिक्षणाची, स्वाभिमानाची गोष्ट आणली. कीर्तीसाठी प्रतिष्ठा विकायची नाही, हे जलशाने सांगितले. तरी एक प्रश्न मला टोचतो. त्या पैशात पवळेचे श्रम होते. देताना आणि नाकारताना तिचे म्हणणे कुणी विचारले होते काय? चळवळीनेही आपल्या कलावंत स्त्रियांना हा प्रश्न उशिरा विचारला, हे आपण कबूल केले पाहिजे.

विठाबाईंची गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखत घडली. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नामांकित फडाच्या घराण्यातल्या विठाबाई राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या. प्रयोग चालू असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. मला या कौतुकाची भीती वाटते. कारखान्यातल्या बाईच्या बाबतीत असे घडले असते तर आपण मोर्चा काढला असता. १९६१ साली देशात प्रसूती लाभाचा कायदा झाला. तंबूतल्या बाईपर्यंत तो पोचला नाही. तिकीट काढून बसलेले प्रेक्षक, उचल घेतलेला फड आणि पुढच्या गावाची सुपारी यांच्यामध्ये तिचे शरीर अडकले होते. २००२ साली विठाबाई गेल्या, तेव्हा इस्पितळाचे बिल देणगीदारांनी भागवले. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. अण्णा भाऊ साठे यांचेही असेच. त्यांच्या कथा-कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले, 'फकिरा'ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, आणि १९६९ साली ते हलाखीत गेले. २००२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ मध्ये मॉस्कोत पुतळा उभा राहिला. जिवंतपणी कलावंताला हक्क द्यायचा नाही आणि मेल्यावर गौरव करायचा, हा व्यवहार प्रस्थापितांना स्वस्त पडतो.

हा हक्क नेमका कसा निसटतो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. माझे मामा रसायनीच्या एका कारखान्यात हंगामी कामगार होते आणि रात्री शाळेच्या वह्यांत गाणी लिहीत. शाहिरी परंपरेत शेवटच्या कडव्यात कवीने आपले नाव गुंफायचे असते. तीच त्याची नाममुद्रा. वामनदादा कर्डकांच्या गीतांत 'वामन' येतो, तसा मामांच्या गाण्यांत मामा येत. छापखाना आणि कायदा ज्यांच्या हाती नव्हता, त्यांनी आपली मालकी अशी गाण्याच्या पोटातच शिवून ठेवली होती. कॅसेटचा जमाना आला. एका कंपनीने मामांची गाणी एकरकमी पैसे देऊन घेतली. त्यांनी सही केली तो कागद इंग्रजीत होता. ध्वनिमुद्रणाच्या वेळी सांगण्यात आले, 'गाणे लांबते आहे, शेवटचे कडवे काढा.' कडवे गेले, त्याबरोबर नाव गेले. कॅसेट बाजारात आली तेव्हा वेष्टनावर गायकाचा फोटो होता आणि आत छापले होते : 'गीत – पारंपरिक'. मामा म्हणाले, 'अरे, मी अजून जिवंत आहे. मी पारंपरिक कसा झालो?'

आम्ही हसलो होतो. पण नंतर प्रत्येक जयंतीला पनवेलच्या मिरवणुकीत ते गाणे वाजे, पोरे बेभान नाचत, आणि मामा गर्दीच्या कडेला उभे राहून ओठांतल्या ओठांत ते गाळलेले कडवे पुरे करीत. आता मामा नाहीत. वह्या माझ्याकडे आहेत; त्या कराराची प्रत मात्र त्यांना कधीच मिळाली नव्हती.

येथे कायद्याची थोडी माहिती आवश्यक आहे, कारण आपल्या गीतकारांपर्यंत ती पोचलेली नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गाणे लिहिले की त्याचा हक्क लिहिणाऱ्याकडे येतो. नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क करार करून विकता येतो. पण कलम ५७ असे सांगते की सर्व हक्क विकले तरी 'हे मी लिहिले' असे म्हणण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. म्हणजे नाममुद्रा कायद्यालाही मान्य आहे! २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट झाली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रिकेत गेलेल्या गीताच्या व संगीताच्या रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही, करारात तसे लिहून घेतले तरी. कायदेशीर वारसांना तो वाटा मिळू शकतो. कायदा आपोआप कुणाच्या दारी येत नाही, हे खरे. पण तो हातात घेतल्याशिवाय तक्रार करणेही अपुरे आहे.

मग काही बदललेच नाही काय? बदलले आहे. नागराज मंजुळे यांनी 'फँड्री' (२०१३) आणि 'सैराट' (२०१६) केले, तेव्हा आपला माणूस कॅमेऱ्यासमोर होता तसा कॅमेऱ्यामागेही होता. कथा कुणाची, ती कुठे संपवायची, हे ठरवण्याची सत्ता त्याच्याकडे होती. 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात वीरा साथीदार यांनी लोकशाहिराची भूमिका केली. चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात पारितोषिके मिळाली. साथीदार मात्र २०२१ मध्ये कोरोनाने जाईपर्यंत चळवळीचे कार्यकर्तेच राहिले. कीर्ती आली म्हणून त्यांनी प्रतिष्ठेचा पत्ता बदलला नाही. त्यांची प्रतिष्ठा पडद्यावर येण्यापूर्वीच चळवळीत कमावलेली होती.

म्हणून माझे म्हणणे असे : आपला कलावंत किती गाजला याची मोजदाद पुरे झाली. त्याचे नाव कुठे छापले, करार कोणत्या भाषेत होता, म्हातारपणी त्याच्या हाती काय उरले, हे आपण विचारू लागलो पाहिजे. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीतल्या गीतकारांच्या वह्या शोधाव्यात. गाणे, कवीचे नाव आणि लिहिल्याचे साल यांची यादी करावी. कार्यकर्त्यांनी सही करण्यापूर्वी करार मराठीत वाचून घेण्याची सवय लावावी. जयंती मंडळांनी ऑर्केस्ट्राला सुपारी देताना गीतकाराचे नाव जाहीर करण्याची अट घालावी. याला पैसा लागत नाही.

येत्या १४ एप्रिलला आमच्या मंडळाने ठरवले आहे की मामांचे गाणे वहीत आहे तसे म्हणायचे. गाणे लांबले तर लांबू द्या. शेवटचे कडवे गाळायचे नाही.