कुलाब्याच्या वहीतले वादळ

१ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी इंग्लंडमध्ये रेडहिल इथल्या आपल्या वेधशाळेत रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर उतरवून घेत होते. अकरा वाजून गेले होते. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर अचानक दोन पांढरेशुभ्र ठिपके झळकले आणि काही मिनिटांत मावळले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकालाही ते दिसले. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. एरवी ध्रुवाजवळ दिसणारा रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारमास्तरांनी बॅटऱ्या सोडवून ठेवल्या आणि तारेत आपोआप खेळणाऱ्या विजेवरच संदेश पाठवले.

हे वादळ किती मोठे होते, याचे उत्तर मात्र पुढची दीडशे वर्षे नीट मिळाले नाही. युरोपातल्या वेधशाळांत तोवर फोटोच्या कागदावर आपोआप नोंद करणारी यंत्रे आली होती. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत असे यंत्र होते. वादळ इतके जबरदस्त होते की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेरच निघून गेला. नेमकी जी वेळ मोजायला हवी होती, तिथे कागद कोरा.

मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत, असे आधुनिक यंत्र अजून आलेले नव्हते. तिथे माणसे टांगलेल्या चुंबकाची स्थिती डोळ्यांनी वाचत आणि आकडा वहीत लिहीत. २ सप्टेंबरला, मुंबईत दुपार व्हायच्या सुमाराला, चुंबक बेभान झाला तेव्हाही ते लिहीत राहिले, आणि नेहमीपेक्षा अधिक वेळा लिहीत राहिले. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक पाहता पाहता सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) खाली घसरल्याचे त्या आकड्यांतून निघते. तुलनेसाठी अलीकडचे वादळ घेऊ. मार्च १९८९ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवणाऱ्या आणि साठ लाख लोकांना अंधारात ठेवणाऱ्या वादळाची तीव्रता सांगणारा जागतिक निर्देशांक उणे ५८९ नॅनोटेस्लांपर्यंत उतरला होता.

कुलाब्याच्या या आकड्यांकडे जगाचे लक्ष २००३ मध्ये गेले. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जी. एस. लखिना व शोभना अॅलेक्स यांनी मिळून त्यांवर शोधनिबंध लिहिला. त्यानंतर ही माहिती भूचुंबकशास्त्रात अडकून राहिली नाही. अवकाशशास्त्रज्ञांनी तिच्यावरून सूर्याच्या स्फोटांची गणिते तपासली. उच्च दाबाच्या विद्युतवाहिन्यांचे अभियंते कॅरिंग्टनसारखे वादळ आज आले तर कोणते ट्रान्सफॉर्मर जळतील याचा हिशेब मांडू लागले. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने २०१३ मध्ये उत्तर अमेरिकेच्या वीजजाळ्याला असलेल्या सौरवादळाच्या धोक्यावर अहवाल काढला, तोही कॅरिंग्टनच्या वादळाला समोर ठेवून. १८५९ मध्ये मुंबईत विजेचा दिवासुद्धा नव्हता. आकडे लिहिणाऱ्या हातांना वीजजाळे, उपग्रह आणि विम्याचे हप्ते यांची कल्पना असणे शक्यच नव्हते.

संशोधनाचा डेटा मोकळा ठेवावा या मागणीमागे हेच मुख्य कारण आहे, असे मला वाटते. आपल्या नोंदी उद्या कोणत्या शास्त्राच्या, कोणत्या प्रश्नाला उपयोगी पडतील हे नोंदी करणाऱ्याला कधीच कळत नाही. म्हणून त्या कोणाला द्यायच्या हे त्याने आपल्या शास्त्राच्या चौकटीत बसून ठरवू नये.

कुलाब्याच्या नोंदी सुरू झाल्या त्याच मुळी वाटून घेण्यासाठी. १८३० च्या दशकात जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये गाउस आणि वेबर यांनी एक संघ उभारला होता. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अनेक देशांत एकदम चुंबकाची निरीक्षणे घ्यायची, सगळ्यांनी गटिंगेनचे घड्याळ धरायचे आणि आकडे एकत्र छापायचे. १८३६ मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहून ब्रिटिश वसाहतींमध्ये अशा वेधशाळा काढण्याची गळ घातली. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये खगोल आणि जहाजांच्या घड्याळांसाठी बांधली होती, तिथे १८४१ मध्ये चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली ती या लाटेतच. साम्राज्याला समुद्रावर होकायंत्र अचूक हवे होते, हा स्वार्थ त्यात होताच. पण आकडे छापून वाटायचे ही शिस्तही त्याच वेळी लागली.

या वेधशाळेशी आपले नाते जवळचे आहे. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ तिचा कारभार पाहिला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे पुढे गणिताचे नामवंत प्राध्यापक झालेले केरूनाना, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास इथेच नोकरीला लागले. पुढे नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि माझ्या मते या साऱ्या कथेचे खरे नायक तेच आहेत. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालणार हे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे त्यांना स्पष्ट दिसले. त्यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतरची दोनएक वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशी दोन्ही ठिकाणी निरीक्षणे चालू ठेवली गेली. दोन जागांमधला फरक किती, हे त्यामुळे आकड्यांत सांगता येते आणि १८४० च्या दशकापासून आजपर्यंतची मालिका अखंड जोडता येते. एवढे करून मूस थांबले नाहीत. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या मुंबईच्या चुंबकीय नोंदी त्यांनी चर्चेसह १९१० मध्ये छापून काढल्या. दोन ठिकाणी दुप्पट काम करणे आणि साठ वर्षांच्या आकड्यांचे मुद्रित तपासणे, अशा कामांसाठी कोणाच्या गळ्यात हार पडत नाही.

आकडे उघडे असले की त्यांवर वादही नीट घालता येतो. कुलाब्यातली ती घसरण जगभर पसरलेल्या वादळाची की मुंबईवरच्या आकाशातल्या स्थानिक प्रवाहांची, यावर शास्त्रज्ञांचे एकमत झाले नाही. काहींनी तासाची सरासरी काढून आकडा जवळपास निम्म्यावर आणला. २०२२ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातले हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुलाब्याच्या वार्षिक अहवालांतून चुंबकीय क्षेत्राचे तिन्ही घटक नव्याने वाचून मांडले. मूळ पानेच उपलब्ध नसती तर जो मोठ्याने बोलेल त्याचा आकडा खरा ठरला असता.

हे पुन्हा वाचणे सोपे नसते. वहीतले आकडे नॅनोटेस्लामध्ये लिहिलेले नसतात, ते यंत्राच्या पट्टीवरचे अंश असतात. एका अंशाला किती बल, त्या दिवशी खोलीचे तापमान किती, चुंबक कधी बदलला, हे माहीत नसेल तर रकाना निरर्थक. वेळेचेही तसेच. मुंबईची स्वतःची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती आणि भारतीय प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये. खगोलशास्त्रज्ञ तर तेव्हा दिवस दुपारी बारापासून मोजत. ज्या शास्त्रात माणूस वाढला तिथल्या अशा गोष्टी त्याला सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या शास्त्रातल्या वाचकाला त्या सांगाव्याच लागतात, आणि नेमक्या त्याच लिहायच्या राहतात.

आजच्या संगणकयुगात हा घोळ मिटला असे कोणी समजू नये. जीवशास्त्रात काही जनुकांची लघुनावे मार्च १ किंवा सेप्ट २ अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकत असे. २०१६ मध्ये तपासणी झाली तेव्हा एक्सेलच्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावे बदलली.

एकाच्या नोंदी दुसऱ्याच्या प्रश्नाला उपयोगी पडल्याचे आपल्याकडचे दुसरे मोठे उदाहरण सातारा जिल्ह्यातले आहे. कोयना धरणात १९६०च्या दशकाच्या आरंभी पाणी साठू लागले आणि परिसरात जमीन हादरू लागली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली. धरणाच्या पाण्याची रोजची पातळी अभियंते लिहीत होते ती वीज आणि पूर यांच्या हिशेबासाठी. भूकंपाच्या नोंदी वेगळ्या लोकांच्या वेगळ्या दप्तरात होत्या. ही दोन दप्तरे शेजारी ठेवल्यावरच कळले की पाणी किती वेगाने चढते, किती उंच जाते आणि किती काळ तिथे राहते यांचा धक्क्यांशी संबंध आहे. पावसाळ्यात जलाशय भरल्यावर आणि पुन्हा पाणी उतरू लागल्यावर धक्के वाढताना दिसतात. १९८५ मध्ये वारणेचा जलाशय भरू लागल्यावर कंपनांचा पट्टा दक्षिणेकडे सरकला, हेही अशाच जुळणीतून उमगले. धरणामुळे जागृत होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आज कोयनेचे नाव घेतात.

पुढे याच भागात खोल छिद्रे घेतली गेली, गोठणे इथे तर तीन किलोमीटर खोल. ती खणली भूकंपासाठी. पण वर आलेल्या खडकांत दख्खनच्या लाव्हारसाचे थर मोजणाऱ्यांना आपले उत्तर मिळाले, आणि खरगपूरच्या आयआयटीतल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी त्याच खडकांत इतक्या खोलीवर जगणारे जिवाणू शोधले. भूकंपवाल्यांनी ते दगड आपल्यापुरते कुलपात ठेवले असते तर कोणी त्यांना दोषही दिला नसता.

जीवशास्त्रातली गोष्ट अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन इथे प्रथिनांच्या रचनांची खुली पेढी सुरू झाली तेव्हा तिच्यात ७ रचना होत्या. पन्नास वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तिथे दीड लाखाहून अधिक रचना जमा केल्या. आलेली प्रत्येक रचना तपासताना जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासमध्ये १९६३ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेला आलेख आजही वापरतात. या पेढीवरच शिकून अल्फाफोल्ड हा संगणकीय कार्यक्रम प्रथिनांच्या घड्या ओळखू लागला आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना त्याबद्दल वाटा मिळाला. ज्या हजारो संशोधकांनी एकेका रचनेवर वर्षे घालवली, त्यांची नावे पेढीच्या नोंदींत तरी आहेत, हे महत्त्वाचे. डेटा देणाऱ्याला श्रेय मिळेल याची खात्री नसेल तर तो देणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

सगळेच सरसकट उघडे करा असे मात्र मी म्हणणार नाही. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या आणि त्या संशोधनासाठी जगभर पोहोचल्या. २०१३ मध्ये त्या पेशींचा संपूर्ण जनुकक्रम खुला केला गेला तेव्हाही कुटुंबाला कोणी विचारले नव्हते. ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला. आता तो पाहण्याची परवानगी देणाऱ्या समितीत कुटुंबातले दोघे बसतात. आपल्याकडे जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या तयार झाल्या आहेत. त्यांत वैदूंचे आणि आदिवासींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान आहे. ते कोणापुढे किती उघडायचे हे त्या गावाने ठरवावे. दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचा नेमका ठावठिकाणाही शिकाऱ्याच्या हाती लागता कामा नये. माणसांची संमती आणि जिवांची सुरक्षितता एवढी दोन कारणे मला मान्य आहेत. ‘आमचे आकडे आहेत’ हे तिसरे कारण मान्य नाही, विशेषतः ते आकडे जनतेच्या पैशातून आले असतील तेव्हा.

सरकारी धोरणही तत्त्वतः याच बाजूचे आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये डेटा वाटपाचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने ६९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १९०१ पासूनच्या रोजच्या पावसाचे, पाव अंशाच्या चौकटींत विभागलेले कोष्टक तयार केले. ते आज सहज उतरवून घेता येते, आणि शेती, धरणे, मलेरिया, शेतकऱ्यांचे कर्ज अशा कुठल्याही विषयावर काम करणारा माणूस त्याच्याकडे वळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. पावसाशेजारी अशी विहीर, विहिरीशेजारी पीक, पिकाशेजारी गावच्या दवाखान्याची नोंदवही ठेवता आली, तर मराठवाड्याच्या दुष्काळाविषयी आपण अंदाजाने बोलतो त्यातले बरेच पुराव्याने बोलता येईल.

खरी पंचाईत विद्यापीठांत आहे. पीएच.डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर चढतात, ही चांगली गोष्ट. पण तिथे चढते ती पीडीएफ. त्यातल्या कोष्टकांमागची शेकडो गावांची सर्वेक्षणे, मातीचे नमुने, बोलींची ध्वनिमुद्रणे विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हवर राहतात आणि पेनड्राइव्हसोबत जातात. प्रबंधाला मान्यता देताना मूळ डेटा आणि त्याचे वर्णन जमा केल्याची पावती मागावी, एवढा साधा नियम प्रत्येक विद्यापीठ उद्या करू शकते. जागेचा खर्च हे कारण आता टिकणारे नाही. युरोपातल्या सर्न संस्थेने २०१३ मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या संकेतस्थळावर कोणत्याही देशातल्या, कोणत्याही विषयातल्या संशोधकाला आपला डेटा मोफत ठेवता येतो आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक देऊन दुसरा संशोधक तुमच्या कामाचा उल्लेख करू शकतो.

हा अंक वाचणाऱ्यांत प्राध्यापक असतील, निवृत्त अभियंते असतील, वर्षानुवर्षे पाऊस किंवा पक्षी लिहून ठेवणारे हौशी लोकही असतील. त्यांना एवढीच विनंती: आपल्या वह्या बाहेर काढा. त्यांचे फोटो घ्या, आकडे साध्या कोष्टकात उतरवा. सोबत एक पान लिहा: हे कोणी मोजले, कुठे, कोणत्या उपकरणाने, कोणत्या एककात, कोणत्या घड्याळाप्रमाणे, मधली कोणती वर्षे चुकली आणि का. दुसऱ्या विषयातला एखादा माणूस शोधून त्याच्याकडून ते पान वाचून घ्या. त्याला जे कळले नाही ते पुन्हा लिहा, आणि मग सगळे उघड्यावर ठेवा.