सेल्फ मारा, ताई

कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपचा सिग्नल लागला की आमच्या गाडीचं इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि शेजारी बसलेले बाबा दचकून विचारायचे, "पडली का बंद?" पाच वर्षांत मी त्यांना दोनशे वेळा तरी सांगितलं असेल, की बाबा, ती बंद पडत नाही, बंद होते. न्यूट्रलमध्ये टाकून क्लच सोडला की बंद, क्लच दाबला की चालू. पेट्रोल वाचतं. बाबा मान डोलवायचे आणि पुढच्या सिग्नलला पुन्हा दचकायचे. ज्या माणसाने उमेदीच्या वयात अँबॅसिडरला पुढून हँडल मारलंय आणि एसटीला मागून धक्का दिलाय, त्याच्या लेखी चालू इंजिन मुद्दाम बंद करणं म्हणजे पेटलेली चूल पाणी ओतून विझवण्यासारखं.

जुलैत एके दिवशी बाबा म्हणाले, "हल्ली बंद पडत नाही गं. दुरुस्त करून घेतलीस वाटतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पंधरा-वीस दिवसांत सिग्नलला इंजिन एकदाही बंद झालेलं नाही. डॅशबोर्डवर तांबडा दिवा नाही, टुंगटुंग नाही. पावसाचे दिवस होते, काचेवर वाफ धरत होती, वाटलं एसीमुळे असेल. सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये चार दिवस कोल्हापूरला गेलो, एसटीने. परत आल्यावर किल्ली फिरवली तर नुसतं टक-टक-टक. सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या गाडीवरून जंपर लावून दिला, गाडी चालू झाली, तशीच नेली सर्व्हिस सेंटरला. तिथल्या पोराने बॅटरीला एक यंत्र लावलं, यंत्रातून कागदाची पट्टी आली, पट्टीवर लिहिलं होतं की बॅटरी बदला. बदलली. आठवडाभर नळ स्टॉपला इंजिन गुणी बाळासारखं बंद झालं. मग पुन्हा नाही.

म्हणून सप्टेंबरमधल्या एका बुधवारी मी नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांमागच्या एका बोळात, ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानासमोर उभी होते. दुकान म्हणजे शटरमागची आठ बाय दहाची खोली. खरं काम रस्त्यावरच. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. वय साठीच्या पुढे, चष्मा दोरीला, हाताशी एक पोरगा. मला वाटलं होतं, आल्याआल्या बॉनेट उघडतील. ते स्टुलावर बसून राहिले आणि प्रश्न विचारत गेले. आधी काय बंद झालं, सिग्नलवरचं की सेल्फ? गाडी रोज किती चालते? घर ते ऑफिस चार किलोमीटर. मध्ये किती सिग्नल? सात. पावसाळ्यात कुठे पाण्यातून काढली? आणि गेल्या वर्षभरात गाडीत नवीन काय बसवलं?

"काही नाही," मी म्हटलं.

मास्तरांनी काचेकडे बोट केलं. आरशामागे डॅशकॅम होता. तो मी दिवाळीत बसवून घेतला होता आणि इतकी सवय झाली होती, की तो 'नवीन' राहिलाच नव्हता.

"सिग्नलला बंद होणं थांबलं म्हणजे गाडी बिघडली असं नसतं ताई," ते उठत म्हणाले. "गाडी घाबरली."

नंतर दिवसभर जे पाहिलं त्यावरून त्या वाक्याचा अर्थ कळत गेला. इंजिन बंद करण्याआधी गाडीतला कॉम्प्युटर शंभर चौकश्या करतो: इंजिन गरम झालंय का, चालकाचा पट्टा लावलाय का, दार उघडं नाही ना, ब्रेकच्या बूस्टरमध्ये पुरेसा व्हॅक्यूम आहे का, एसीला आतली हवा गार करून झाली का. पुण्यातल्या मे महिन्यात या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुपारभर 'नाही' असतं. पण या सगळ्यांच्या मुळाशी प्रश्न एकच, बंद केलं तर पुन्हा चालू करता येईल ना? त्याचं उत्तर बॅटरी देते. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर काडेपेटीएवढा काळा डबा असतो, तो सेन्सर. आत किती करंट गेला, बाहेर किती आला, व्होल्टेज किती, तापमान किती, याची वही तोच लिहितो. हिशेब जरा तुटीचा दिसला की गाडी सिग्नलवरची काटकसर आधी थांबवते. सेल्फ तेव्हा नीट फिरत असतो, दिवे लख्ख असतात, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. आमच्याकडे तो बाबांना लागला, आणि त्यांनी अर्थ नेमका उलटा लावला.

मास्तरांनी पहिल्यांदा बॅटरीवरचं लेबल वाचलं आणि जीभ टाळूला लावून चक् केलं. नवी बॅटरी साधी होती. सिग्नलला बंद होणाऱ्या गाडीला ईएफबी नावाची, जरा तगडी बॅटरी लागते. शिसं आणि आम्ल तेच, फ्रान्सच्या गास्टों प्लांतेने 1859 मध्ये शोधलेलं. पण ईएफबीच्या पॉझिटिव्ह प्लेटांवर पॉलिएस्टरचं पातळ कापड असतं, ते प्लेटवरचा लेप झडू देत नाही. "साध्या बॅटरीला सकाळी एकदा उठाबशा काढायची सवय," मास्तर म्हणाले. "हिला दिवसभर काढाव्या लागतात."

1912 च्या कॅडिलॅकला चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक सेल्फ बसला आणि हँडल मारण्यातून माणसं सुटली. तेव्हापासून शंभर वर्षं सेल्फचं काम दिवसातून दोन-चार वेळा. आपल्याकडे 2014 मध्ये स्प्लेंडर आयस्मार्ट आली, 2015 मध्ये सियाझ एसएचव्हीएस, आणि सिग्नलला इंजिन बंद होणं दुचाकीवाल्यांनाही ठाऊक झालं. माझे सात सिग्नल जाता-येता धरले तर दिवसाला चौदा उठाबशा. अशा छोट्या पेट्रोल इंजिनाला नुसतं उभं राहायला तासाला अर्धा लिटरभर पेट्रोल लागतं, माझी गाडी सिग्नलला उभी असते दिवसाला सहा-सात मिनिटं. वाचतात पाच-सहा रुपये. त्यात कटिंगसुद्धा येत नाही. हा हिशेब मी मास्तरांना सांगितला, तर ते म्हणाले, "सगळ्या पुण्याचा धरा."

मीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीत 12.24 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.6 च्या वर असते, 12.2 म्हणजे निम्मी रिकामी. महिन्याभराची बॅटरी निम्मी रिकामी का? सर्व्हिस सेंटरने हा प्रश्न विचारलाच नव्हता. यंत्राने बॅटरीबद्दल सांगितलं ते खरंच होतं. मात्र तिला मारलं कोणी, हे त्या पट्टीवर येत नाही.

पुढची वीस मिनिटं मला फार आवडली. मास्तरांनी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पकडणार नाही. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर टेकवली, दुसरी थेट इंजिनच्या उघड्या लोखंडावर. म्हणजे दोन्ही टोकं एकाच बाजूला, निगेटिव्हलाच. मला कळेना. दोन्हीकडे निगेटिव्ह असेल तर मीटर काय दाखवणार?

"काहीच दाखवायला नको," ते म्हणाले. "सेल्फ मारा, ताई."

मी किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं. मीटरवर 1.4.

"0.2 च्या खाली पाहिजे." मग इंजिनवरची सुई उचलून बॉडीच्या एका बोल्टवर टेकवली. "मारा." 0.05. म्हणजे बॅटरी ते बॉडी रस्ता मोकळा, आणि बॉडी ते इंजिन या टप्प्यात कुठेतरी 1.35 व्होल्टची गळती. सेल्फने मागितलेला जोर वाटेतच कुणीतरी खात होतं. तेच परतीच्या वाटेवरही: फ्यूज परत बसवला, इंजिन चालू करून दिवे, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावलं, तर अल्टरनेटरपाशी 14.2 व्होल्ट आणि बॅटरीपाशी 13.7. मास्तर अल्टरनेटरला अजून डायनॅमोच म्हणतात. "डायनॅमो पगार देतोय," ते म्हणाले, "घरी पोचत नाही."

पोराने दहाच्या पान्याने एअर फिल्टरचा डबा सोडवला. त्याखाली, गिअरबॉक्सच्या कडेला, बोटभर रुंदीची तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी होती. ही अर्थची पट्टी. इंजिन रबराच्या पायांवर बसलेलं असतं, बॉडीला विजेने जोडणारी तेवढीच काय ती. वरून ती नुसती मळकट दिसत होती. मास्तरांनी थिंबलपाशी नखाने दाबली, तर आतून हिरवी पूड सांडली. निम्म्या तारा तुटलेल्या. बोल्टखालचं लोखंड गंजून तपकिरी. हे एका पावसाळ्याचं काम नव्हे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर जुलैत टाचभर पाणी साचतं, त्याच्याशी याचा संबंध असावा असं मला वाटतं, मास्तरांनी तेवढंही म्हटलं नाही. जागा पॉलिश पेपरने पांढरी होईस्तोवर घासली, नवी पट्टी आवळली, वरून व्हॅसलीनचं बोट फिरवलं. सेल्फ मारला. 0.11.

मला वाटलं झालं. मास्तरांनी मला चहाला पिटाळलं, किल्लीसकट. किल्ली आत लावलेली राहिली तर गाडी जागी राहते. बॉनेट उघडंच होतं, पण त्याच्या कुलपाची जीभ स्क्रू-ड्रायव्हरने दाबून बसवली होती, म्हणजे गाडीला वाटावं बॉनेट लागलंय. दारं लॉक. निगेटिव्ह केबलभोवती करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा जबडा. गाडीला झोपवायचं होतं. आजची गाडी लॉक केली की लगेच झोपत नाही, तिचे एकेक कॉम्प्युटर अर्धा-पाऊण तास कुशी बदलत पडतात. लॉक केल्याकेल्या 3.1 अँपिअर, दहा मिनिटांनी 1.2, आणि अर्ध्या तासाने मी परत आले तेव्हा काटा 0.37 वर येऊन अडला होता. 0.05 च्या खाली जायला हवा.

एकेक फ्यूज उपटून बघायची जुनी रीत इथे चालत नाही. फ्यूज काढला-घातला की गाडी दचकून जागी होते, पुन्हा अर्धा तास. त्याऐवजी पोरगा प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन बारीक उघड्या ठिपक्यांना मीटरच्या सुया टेकवत गेला आणि आकडा पुकारत गेला. शून्य, शून्य, शून्य. एकावर 2.6 मिलिव्होल्ट. ज्या फ्यूजमधून करंट वाहतो त्याच्या दोन टोकांत एवढासा फरक पडतोच. त्या फ्यूजच्या पायाशी एक परकी लाल वायर खोचलेली होती, ती छताच्या कडेने डॅशकॅमला गेली होती. उभ्या गाडीवरही पहारा ठेवायचा म्हणून ती कायम चालू लाइनीवर घेतलेली. वायर सुटली आणि टाँग टेस्टर 0.03 वर आला.

मास्तरांनी हातावरच हिशेब केला. 0.34 अँपिअर, चोवीस तास, रोजचे आठ अँपिअर-अवर. चार दिवसांचे तेहतीस. बॅटरी पंचेचाळीसची, तीही अर्थ खराब असल्याने कधी पुरती भरलेली नाही. "तुम्ही कोल्हापूरला होता, कॅमेरा सोसायटीच्या भिंतीचा पिक्चर काढत होता."

जंपरची गोष्ट त्यांनी जाताजाता सांगितली. काळी क्लिप थेट निगेटिव्हच्या खुंटीवर लावली तर तो करंट सेन्सरला वळसा घालून आत जातो, वहीत नोंदच होत नाही. क्लिप बॉडीवर किंवा इंजिनवर लावायची. आमच्या शेजाऱ्यांनी खुंटीवरच लावली होती, पण सकाळी सव्वासातला मदतीला आलेल्या माणसाची चूक काढू नये.

बॅटरीचं भांडण मला एकटीला करावं लागलं आणि ते इथे सांगण्यासारखं नाही. वरचा फरक भरून साधीऐवजी ईएफबी मिळाली. मास्तरांचे पट्टी आणि मजुरी मिळून साडेसहाशे झाले. डॅशकॅम आता किल्ली फिरवली तरच चालू होतो. नवी बॅटरी बसवल्यावर ते म्हणाले, रात्रभर गाडीला हात लावू नका, सेन्सरला नवीन बॅटरी ओळखू द्या. काही गाड्यांना ती ओळख स्कॅनर लावून करून द्यावी लागते, आमचीला झोप पुरली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना दातांच्या डॉक्टरकडून घरी आणत होते. नळ स्टॉपला लाल लागला, न्यूट्रल केलं, क्लच सोडला. इंजिनाची थरथर थांबली, वायपर काचेवर एकदा करकरला, आणि शेजारच्या रिक्षातलं गाणं एकदम स्पष्ट ऐकू आलं. गाल सुजलेला असल्याने बाबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मागे लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं, आणि खाली उतरून धक्का द्यायला म्हणून पट्टा सोडायला घेतला.