अर्धी वाचलेली दिनचर्या

चाळिशी उलटली की माणसाला दोन गोष्टी एकदमच आठवतात. एक, आपल्याला पाठ आहे. आणि दुसरी, आपल्या पूर्वजांना योग ठाऊक होता! माझेही तसेच झाले. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर, त्यातल्या कुंडलिनीच्या वर्णनावर मी वर्गात वर्षानुवर्षे बोलत आलो. पण प्रत्यक्ष पद्मासन घालायची पाळी आली तेव्हा डावा गुडघा काही केल्या ऐकेना. अखेर पुण्यातल्या एका योगवर्गात नाव घातले. चटई आणली, पाणी प्यायला तांब्याचे भांडे आणले, अश्वगंधाचे चूर्ण आणले. सामान पाहून सौभाग्यवती म्हणाली, "एवढ्यात एखादा संन्यासी सहज संसार थाटील!"

थट्टा राहू द्या. मला गुण आला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाठ निवळली, झोप लागू लागली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करून योगाला प्रयोगशाळेत नेले. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरवला, तेव्हा आपली ही विद्या साऱ्या जगाची झाली. मग माझ्यासारखा नवा भक्त गप्प कसा बसणार? भेटेल त्याला मी श्वासोच्छ्वासाचा उपदेश करू लागलो.

हीच शिदोरी घेऊन गेल्या दिवाळीत गावी गेलो. आमचे गाव दिंद्रुड. बीडहून परळीला निघालात म्हणजे तेलगाव सोडल्यावर लागते. परळीचा वैजनाथ म्हणजे साक्षात वैद्यांचा नाथ. तेव्हा आरोग्याच्या गोष्टी करायला हा मुलूख बरा, असे मला वाटले.

पण या मुलखात दिवाळी म्हणजे नुसते फराळाचे दिवस नव्हेत. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे याच सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाहीत. नवराबायकोच्या जोडीला तिथे 'कोयता' म्हणतात. माणसांची मोजदादच हत्याराच्या नावाने!

आमच्या शेजारची एक बाई अशीच निघायच्या तयारीत होती. माझ्याहून चारपाच वर्षांनी धाकटी, लहानपणी आमच्याच अंगणात सागरगोटे खेळलेली. आईला भेटायला आली आणि कमरेला हात लावूनच ओट्यावर टेकली. मी ताबडतोब म्हणालो, "अगं, रोज पहाटे वीस मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष देत जा. कंबर, झोप, सगळे ठीक होईल."

ती हसली. म्हणाली, "दादा, पहाटं मी फडात उभी असते. थंडीत तोंडातून वाफ निघती, तवा श्वासाकडं लक्ष जातंच की!"

पुढचे तिने मला सांगितले नाही, स्वयंपाकघरात माझ्या पत्नीला सांगितले. बत्तिसाव्या वर्षीच तिची 'पिशवी' काढली होती. अंगावरून जात होते. एका डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली. शस्त्रक्रियेचे पैसे पुढच्या हंगामाच्या उचलीतून फेडायचे ठरले. खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पुरती विश्रांतीही न घेता ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढू लागली. तेव्हापासून ही कंबर.

ती एकटी नव्हे. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. हा आकडा मी त्या वेळी वर्तमानपत्रात वाचला होता आणि पान उलटले होते!

त्या रात्री मला झोप आली नाही. आजोबांच्या फडताळात वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'ची जुनी प्रत होती, ती काढली. दुसरा अध्याय दिनचर्येचा. पहाटे उठावे, रोज अंगाला तेल लावावे, डोके, कान आणि तळपाय यांना विशेष लावावे, हे मला ठाऊक होते. व्यायामाविषयी मात्र तो म्हणतो की, स्निग्ध अन्न खाणाऱ्या बळकट माणसानेही हिवाळ्यात आणि वसंतात तो अर्ध्या शक्तीनेच करावा. ज्या बाईला भाकरीवर तेल मिळण्याची पंचाईत, ती ऐन हिवाळ्यात सगळी शक्ती खर्चून पुन्हा उसनी शक्ती आणते, तिला मी आसने शिकवायला निघालो होतो!

आणखी थोडे पुढे वाचले. त्याच दिनचर्येत वाग्भट सांगतो की, ज्याला उपजीविका नाही, जो रोगाने किंवा शोकाने पिडला आहे, त्याच्या उपयोगी यथाशक्ति पडावे. दात घासण्याच्या आणि तेल लावण्याच्या यादीतच हे कलम आहे. आम्ही शहरी मंडळींनी तेलापर्यंत वाचले आणि पुस्तक मिटले.

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईने तिला बोलावून घेतले. डोक्याला तेल चोळले आणि काशाची वाटी घेऊन तळपाय घासायला बसली. "काकू, पायाला हात नका लावू," म्हणत ती अवघडली. मग हळूहळू गप्प झाली. न्हाणे आटोपल्यावर ओट्यावर उन्हात बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. तिची चौदा वर्षांची मुलगी शेजारी बसून होती. ती यंदा आईबरोबर फडावर जायची होती, आणि घरात तिच्या लग्नाची बोलणीही सुरू झाली होती. आई मला म्हणाली, "पोरगी माझ्यापाशी राहील. शाळेचा खर्च तू बघ."

मी मान डोलावली. योगवर्गाच्या फीपेक्षा तो कमीच आहे. एवढ्याने कोयत्याचे दुःख संपत नाही, हे मला कळते. त्यासाठी फडावर पाणी हवे, दुखण्याला रजा हवी, आणि 'पिशवी काढायची गरज नाही' असे सांगणारा डॉक्टर हवा. ते मागायला आपल्यासारख्यांनीही बोलले पाहिजे.

मी अजून रोज पहाटे चटई पसरतो. मात्र श्वास मोजून झाला की दिंद्रुडला फोन लावतो. मुलगी धडा वाचून दाखवते, आणि शेवटी सांगते की आईची कंबर अजून दुखतेच आहे.