जांघेतील उवा : लागण आधी, खाज नंतर

माणसाच्या शरीरावर तीन प्रकारच्या उवा राहतात. त्यांपैकी डोक्यातील उवांविषयी घरोघरी मोकळेपणाने बोलले जाते आणि कपड्यांच्या शिवणींत लपणाऱ्या अंगावरील उवांचा संबंध युद्धे, तुरुंग व निर्वासितांच्या छावण्यांशी जोडला जातो. जननेंद्रियाभोवतीच्या केसांत राहणाऱ्या तिसऱ्या प्रकाराविषयी मात्र संकोचापोटी कोणी बोलत नाही. त्यामुळे या उवांमुळे सुटणारी खाज नायटा किंवा घामोळे समजून औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम लावण्यात अनेकांचे आठवडे निघून जातात, आणि खाज सुटली त्या दिवसावरून लागण कोणाकडून झाली याचा तर्क लढवला जातो. हा तर्क बहुतेक वेळा चुकतो आणि तो का चुकतो हे समजण्यासाठी या किड्याचे जीवनचक्र थोडे बारकाईने पाहावे लागते.

थिरस प्युबिस हे शास्त्रीय नाव असलेली ही ऊ साधारण १ ते २ मिलिमीटर लांबीची, करड्या-पिवळट रंगाची आणि डोक्यातील उवेच्या मानाने बरीच रुंद असते. तिच्या मधल्या व मागच्या पायांना जाड नख्या असल्याने ती भिंगाखाली चिमुकल्या खेकड्यासारखी दिसते. या नख्या जाड आणि एकमेकांपासून अंतरावर उगवणारे केस धरण्यासाठी घडलेल्या असल्यामुळे तिचा मुक्काम मुख्यतः जांघेत असतो, मात्र काख, छाती, मांड्या, दाढी आणि पापण्या येथेही ती सापडू शकते. डोक्याच्या दाट केसांत ती सहसा टिकत नाही. तिची सर्वांत जवळची नातलग गोरिलाच्या अंगावर आढळते. अमेरिकेतील डेव्हिड रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासानुसार या दोन जातींच्या वाटा सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, म्हणजे आजच्या मानवजातीचा उदय होण्याच्या कितीतरी आधीपासून हा किडा मानवी वंशाच्या सोबत आहे. त्याच्या लागणीला एखाद्याच्या अस्वच्छतेचा पुरावा मानणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यायला हरकत नाही.

मादी सुमारे तीन ते चार आठवडे जगते आणि त्या काळात साधारण ३० अंडी घालते. ही अंडी, म्हणजेच लिखा, केसाच्या बुडाशी एका चिकट स्रावाने इतकी घट्ट बसवलेली असतात की ती पाण्याने किंवा साबणाने सुटत नाहीत. सहा ते दहा दिवसांत अंडे फुटून पिल्लू बाहेर येते, तीन वेळा कात टाकते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत प्रौढ होऊन स्वतः अंडी घालू लागते. लागण होते तेव्हा शरीरावर बहुधा मोजक्याच उवा आलेल्या असतात आणि त्यांची संख्या वाढायला वेळ लागतो, हे लक्षणे उशिरा दिसण्याचे एक कारण आहे. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण खाजेच्या स्वरूपातच आहे.

उवेचा चावा स्वतः फारसा जाणवत नाही. रक्त शोषताना ती जी लाळ त्वचेत सोडते, तिच्याविरुद्ध शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेने दिलेली प्रतिक्रिया, म्हणजे एक प्रकारची ॲलर्जी, खाजेला कारणीभूत ठरते. आणि ही यंत्रणा त्या लाळेशी पहिल्यांदाच परिचित होत असेल तर प्रतिक्रिया तयार होण्यास काही काळ जावा लागतो. म्हणून आयुष्यात प्रथमच लागण झालेल्या व्यक्तीला खाज लवकरात लवकर पाचएक दिवसांनी, तर पुष्कळदा दोन ते चार आठवड्यांनी सुटते. ज्याला पूर्वी कधी ही लागण होऊन गेली आहे, त्याच्या शरीराला ती लाळ ओळखीची असल्याने दुसऱ्या वेळी एक-दोन दिवसांतच खाज सुरू होते, आणि काहींना तर लागण असूनही खाज जाणवतच नाही. समजा, पतीला तिसऱ्या आठवड्यात आणि पत्नीला दुसऱ्याच दिवशी त्रास सुरू झाला, तर त्यावरून उवा प्रथम कोणाच्या अंगावर आल्या हे कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. घरातील भांडणात मात्र नेमका हाच हिशेब पुरावा म्हणून पुढे केला जातो.

खाज रात्री वाढते. तिच्याखेरीज काही खुणा निदानाला अधिक उपयोगी पडतात : केसांच्या बुडाशी घट्ट चिकटलेले पांढरट-तपकिरी बारीक दाणे, अंतर्वस्त्रावर पडलेले गंजासारखे किंवा काळपट ठिपके, जे उवांच्या विष्ठेचे व रक्ताचे असतात, आणि ओटीपोटावर किंवा मांड्यांवर उमटणारे निळसर-करडे डाग. हे डाग दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि दाबले तरी फिके पडत नाहीत. ते चाव्याच्या जागी रक्तघटकांत होणाऱ्या बदलामुळे उमटतात असे मानले जाते. ऊ स्वतः त्वचेला बिलगून बराच वेळ स्थिर बसत असल्याने तीळ किंवा खपली वाटून नजरेतून सुटते, म्हणून चांगला उजेड आणि साधे भिंग लागते. खाजवून त्वचा सोलवटली की जंतुसंसर्ग होऊन पुळ्या येतात आणि जांघेत अवधाण येऊ शकते. खरजेत बोटांच्या बेचक्या व मनगटेही खाजतात, नायट्यात कडा उठून दिसणारे गोल चट्टे पसरतात. पण या दोन्हींत केसांवर लिखा नसतात. आपल्याकडे सर्रास विकली जाणारी स्टेरॉइडमिश्रित मलमे खाज व लाली दाबतात, उवा मारत नाहीत, आणि त्यामुळे रोग्याला बरे वाटत असतानाच लागण वाढत राहते.

लहान मुलाच्या पापण्यांवर या उवा आढळल्या तर प्रश्न नाजूक होतो. आईवडिलांच्या कुशीत झोपण्यातूनही त्या येऊ शकतात, परंतु लैंगिक अत्याचाराची शक्यताही डॉक्टरांना तपासावी लागते, आणि तसा संशय आल्यास तो कळवणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

प्रौढांमध्ये प्रसाराचा मुख्य मार्ग लैंगिक संबंध हाच आहे आणि केसांचा केसांशी स्पर्श होत असल्याने कंडोम येथे पुरेसे संरक्षण देत नाही. शरीरापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते, त्यामुळे एकच अंथरूण किंवा टॉवेल वापरल्याने लागण होणे शक्य असले तरी विरळ आहे. शौचालयाच्या गुळगुळीत बैठकीवर तर तिच्या नख्यांना पकडच मिळत नाही. अंगावरील उवांप्रमाणे ही ऊ टायफससारखे रोग पसरवत नाही, पण ज्या संबंधातून ती आली त्याच संबंधातून सिफिलिस, गनोरिया किंवा एचआयव्हीही आलेला असू शकतो, म्हणून या तपासण्याही करून घ्याव्या लागतात. सरकारी रुग्णालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये लैंगिक आजारांवर मोफत सल्ला व उपचार मिळतात आणि १०९७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगता माहिती विचारता येते.

उपचार सोपा आहे. १ टक्का परमेथ्रिनचे औषध लावून दहा मिनिटांनी धुवायचे असते. त्याने न भागल्यास डॉक्टर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात. पापण्यांवर मात्र यांपैकी काहीही लावायचे नसते, तेथे डोळ्यांसाठीच बनवलेले पेट्रोलियम मलम दिवसातून दोनदा आठ ते दहा दिवस वापरतात. डोक्यातील उवांसाठी खेड्यापाड्यांत वापरले जाणारे रॉकेल जांघेच्या नाजूक त्वचेला भाजून काढते आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. मागील महिनाभरातील जोडीदारांवर एकाच वेळी उपचार व्हावे लागतात आणि तोपर्यंत संबंध टाळावे लागतात. कपडे व चादरी गरम पाण्यात धुवाव्यात किंवा किमान तीन दिवस वापरातून बाजूला ठेवाव्यात. पहिल्या वेळी वाचलेली अंडी पुढच्या काही दिवसांत फुटू शकत असल्याने सात ते दहा दिवसांनी पुन्हा भिंगाने पाहावे आणि जिवंत उवा दिसल्या तर औषध पुन्हा लावावे. उवा मेल्यानंतरही काही दिवस खाज राहू शकते आणि रिकामी टरफले केसांना तशीच चिकटून असतात, त्यामुळे केवळ तेवढ्यावरून उपचार फसला असे समजून पुन्हा पुन्हा औषध लावण्याची गरज नसते.