दोन तास आणि दीड सेकंद

टीव्हीवर पोहण्याची १५०० मीटरची शर्यत लागली की कॉमन रूममध्ये कुणीतरी हमखास चॅनेल बदलतं. पंधरा मिनिटं तेच ते हात मारणं कोण बघणार! पण वेल्सच्या डेव्हिड डेव्हिसची गोष्ट कळली, तर रिमोट जरा बाजूला ठेवाल.

डेव्हिस कार्डिफजवळच्या बॅरी गावचा, जन्म १९८५ चा. कार्डिफमधला जुना एम्पायर पूल १९९८ मध्ये रग्बी स्टेडियमसाठी पाडला गेला. वेल्समध्ये पुन्हा ५० मीटरचा पूल झाला तो थेट २००३ मध्ये, तोही स्वान्सीला. म्हणजे या पोराची घडण्याची वर्षं नेमकी मधल्या दुष्काळातली. तरीही २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, १९ व्या वर्षी, त्याने १५०० मीटर फ्रीस्टाइलचं ब्राँझ जिंकलं. वेळ १४ मिनिटं ४५.९५ सेकंद, म्हणजे युरोपियन विक्रम! प्रत्येक ५० मीटरला सरासरी साडेएकोणतीस सेकंद, असे सलग तीस लॅप. सुवर्ण घेणारा ऑस्ट्रेलियाचा ग्रँट हॅकेट फक्त अडीच सेकंद पुढे होता. ऑलिम्पिकला वेल्सचे खेळाडू ब्रिटनकडून उतरतात, राष्ट्रकुलात मात्र स्वतःच्या झेंड्याखाली. २००६ मध्ये मेलबर्नला डेव्हिसने वेल्ससाठी १५०० मीटरचं सुवर्ण आणलं.

खरी गंमत पुढेच आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये १० किलोमीटरची उघड्या पाण्यातली शर्यत पहिल्यांदाच आली. डेव्हिस या प्रकारात अगदी नवा. १७ ऑगस्टला तो १५०० मीटरच्या फायनलमध्ये सहावा आला आणि चारच दिवसांनी शुन्यीच्या नौकानयनाच्या जलाशयात उतरला. पंचवीस जण, ना लेन, ना तळाशी काळी रेघ.

इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतं. पाण्याचा रोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे लागणारी पॉवर घनाने. कुणाच्या तरी मागे चिकटून पोहलं की पुढच्याने ढकललेल्या पाण्यात रोध कमी लागतो आणि तेवढी ताकद वाचते. पूलमध्ये हा फायदा जवळपास नाहीच, कारण प्रत्येकाची लेन वेगळी. डेव्हिस पूलमधला माणूस, त्यामुळे तो बहुतेक शर्यत सगळ्यांच्या पुढेच राहिला. रोध सगळा त्याच्या वाट्याला! शिवाय दिशा बघायला डोकं वर काढावं लागतं. डोकं वर गेलं की पाय खाली जातात आणि रोध आणखी वाढतो.

शेवटच्या टप्प्यात तो इतका थकला की सरळ रेषाच सुटली, भलतीकडे भरकटला. इतका वेळ मागे राहिलेला नेदरलँड्सचा मार्टेन व्हॅन डर वायडेन पुढे निघाला. २००१ मध्ये ल्युकेमिया झालेला हा माणूस १ तास ५१ मिनिटं ५१.६ सेकंदांत पहिला आला. डेव्हिस ५३.१ ला दुसरा, जर्मनीचा लुर्त्झ ५३.६ ला तिसरा. पावणेदोन तासांहून जास्त पोहून फरक दीड सेकंदाचा! सरासरी वेगाने हिशोब केला तर अंतर सव्वादोन मीटर, आपल्या हॉस्टेलच्या खाटेपेक्षा थोडंसंच जास्त. रौप्य मिळालं, पण डेव्हिसला पाण्याबाहेर आल्यावर स्ट्रेचरवरून न्यावं लागलं.

पुढे राहणं ही चूक होती का? आमच्या रूमवर यावरून बराच वाद झाला. मला वाटतं, नव्हती. घोळक्यात कोपर लागतात, लाथा बसतात, आणि तिथे टिकायला सवय लागते. ती त्याच्याकडे नव्हती, वेग होता. त्याने तोच वापरला. दीड सेकंद गेला तो शेवटच्या वाकड्या वाटेत.

२०१२ मध्ये लंडनला तो पुन्हा १५०० मीटरला उतरला, प्राथमिक फेरीतच बाहेर पडला, आणि त्याच वर्षी निवृत्त झाला. तिथल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत तो नव्हता.