आकाशातील शेजारधर्म

तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली म्हणजे षड्जाबरोबर स्वयंभू गंधारही ऐकू येतो, हे गाणे ऐकणाऱ्यांस सांगावयास नको. बिनतारी प्रक्षेपकाचेही तसेच आहे. त्यास एक कंप्रता नेमून दिलेली असते. पण तिच्या दुप्पट, तिप्पट कंप्रतेच्या लहरीही त्यातून आपोआप उमटतात. फरक इतकाच, की मैफलीतला उपस्वर आनंद देतो आणि आकाशातला उपस्वर शेजाऱ्याचे काम बिघडवतो.

एक उदाहरण घेऊ. ७१०.२ मेगॅहर्ट्झची दुप्पट होते १४२०.४, आणि हाच विश्वातील हायड्रोजनचा निसर्गदत्त स्वर होय. १९४४ साली व्हान डे हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने तो वर्तविला व १९५१ साली हार्वर्ड येथे युएन आणि पर्सेल यांनी तो प्रथम टिपला. आमच्या पुणे जिल्ह्यात खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ३० महाकाय तबकड्या अन्य स्वरांबरोबर हाही क्षीण स्वर टिपतात. त्याच्यासाठी १४०० ते १४२७ मेगॅहर्ट्झ हा पट्टा जगभर राखलेला आहे. त्यात कोणीही प्रक्षेपण करावयाचे नाही.

परंतु कुंपण घातल्याने शेजारचे सांडपाणी थांबत नाही. म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने दुसरा नियम घातला. सर्वसाधारणपणे १०० वॅटच्या प्रक्षेपकातून नको त्या कंप्रतेवर निसटणारी शक्ती ५० मायक्रोवॅटहून, म्हणजे मूळ शक्तीच्या वीस लाखाव्या हिश्शाहून, अधिक असता कामा नये. हे साधते कसे? प्रक्षेपक आणि आकाशतार यांच्यामध्ये वेटोळी व संधारित्रे यांची गाळणी बसवितात. ती मूळ लहर जाऊ देते, वरच्या अडविते. शिवाय वर्धकास त्याच्या ताकदीपलीकडे राबवीत नाहीत. एवढे करूनही उरलेली ५० मायक्रोवॅट शक्ती जवळच्या दुर्बिणीस भारीच पडते. तेव्हा प्रक्षेपक दूरच उभारावा लागतो.

गाळणीस पैसे पडतात, आणि तिचा लाभ मात्र मालकास न होता परक्यास होतो. म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या मर्जीवर सोडता येत नाही. आपल्याकडे १९५२ पासून केंद्र सरकारचा 'वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन' विभाग कंप्रतांची वाटणी पाहतो. दोन नभोवाणी केंद्रांत तंटा झाला, तर एकास दुसरी कंप्रता देता येते. हायड्रोजनला ती देता येत नाही, आणि मोठ्याने बोल असेही सांगता येत नाही. तेव्हा आवाज आवरावयाचा तो आपणच.